गरव्याचं खाचर

जलचक्र मी इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी फळ्यावर काढून दाखवीन. डावीकडे समुद्र, वर सूर्य, मग ढग, मग डोंगर आणि डोंगरावरून खाली येणारे निळ्या खडूचे बाण. मुलांना तो तास आवडायचा, कारण रंगीत खडू त्याच दिवशी निघायचे. आणि एवढं शिकवून-सवरून मी एका वाडीचं पाणी तोडलं, वर त्याच वाडीतल्या बायकांना तोंड वर करून सांगितलं की हे हवामानामुळे झालं. सगळं खोटं असतं तर लगेच उघडं पडलं असतं. ते अर्धं खरं होतं, म्हणून खपलं.

मी मूळची लोणावळ्याची, तुंगार्लीची. तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर, पण पाणी म्हणजे आमच्यासाठी नळ. ते येतं कुठून, हा प्रश्न नळ गेल्यावरच पडायचा. लग्न करून आले ती पवनानगरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटातल्या गावात. गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच टिकली. सासरची भातशेती. उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली खाचरं, प्रत्येकाला बांध, बांधाआड पावसाचं पाणी तुंबवायचं आणि त्या चिखलात भात लावायचं. बाकीची खाचरं गावाकडे उतरलेली होती, पण सगळ्यात वरचं एक पठाराच्या कडेला टेकलेलं. तिथून धरणाचं पाणी लांबवर दिसतं. त्याच कडेच्या खाली ठाकर आदिवासींची वाडी आहे, वीसेक घरांची, आणि वाडीच्या डोक्याशी उंबराखाली एक झरा.

माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, त्या वरच्या खाचरात दरसाल गरवं भात लावायचे. गरवं म्हणजे उशिरा पिकणारं. खाली सगळीकडे वासाचा इंद्रायणी, आणि वर हे जाडंभरडं, दिवाळी आली तरी पाण्यात उभं. ते खायला कोणी राजी नसायचं. मी नवी असताना एकदा म्हटलंही की आबा, इतक्या चांगल्या खाचरात हे कसलं भात लावता. ते म्हणाले, तिथं गरवंच लावायचं असतं. का ते सांगितलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचा हेका असतो तसा हा एक. शिकलेल्या माणसाला समोरच्याने कारण दिलं नाही की कारण नाहीच असं वाटतं, तो रोग मला तेव्हापासूनच होता.

वाडीतली एक मावशी आमच्याकडे लावणीला यायची. वयाने माझ्या आईएवढी. ती मला ‘तुमी’ म्हणायची, ‘बाई’ म्हणायची, आणि मी तिला सरळ ‘तू’. हे मला कित्येक वर्षं खटकलंसुद्धा नाही. एका श्रावणात मी वरच्या खाचरावर गेले तर ही बांधावर पालथी पडलेली, हात खांद्यापर्यंत बांधात घातलेला. खेकडे धरत होती. आमच्या बांधाला भोकं पाडून आमचेच खेकडे नेते म्हणून मी तिला चांगलं फैलावर घेतलं. तिने हात बाहेर काढला, खेकडा कमरेच्या फडक्यात टाकला, मग चिखल आणि गवत एकत्र मळून ते बीळ दाबून दाबून बुजवलं आणि पुढच्या बिळाकडे गेली. घरी येऊन मी तावातावाने आबांना सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. खेकडा बांध पोखरतो, पोखरलेल्या बांधातून पाणी निसटतं, आणि वाडीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ते खेकडे खातात आणि बिळं बुजवतात, तिला परत बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पण आमच्या खाचरात पाणी टिकावं म्हणून त्या बायकांनी फुकटात राबावं कशाला, हा साधा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही.

आबा गेले. दोन वर्षांनी नवरा कंपनीतून निवृत्त झाला, पाठोपाठ मी. तोवर धरणाच्या कडेने तंबू उभे राहिले होते. शनिवार आला की पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ. ज्याच्याकडे पाण्याकडे तोंड करून चार गुंठे आहेत तो राजा. आमच्या शेजाऱ्यांनी तंबू लावले, शेकोट्या, गाणी, सकाळी पोहे. मला मनापासून हेवा वाटला. आमच्या वरच्या खाचरासारखी जागा अख्ख्या गावात नव्हती. फक्त तिथे चिखल होता. मुरूम टाकून ते सपाट केलं की गाड्याही लागतील आणि तंबूही. नवरा कां कूं करत होता. आबा काहीतरी म्हणायचे त्या खाचराचं, असं एकदा-दोनदा पुटपुटला. मी म्हटलं, आबा गेले, त्यांच्याबरोबर गरवंही गेलं. हे वाक्य मीच बोलले, त्याच्यावर ढकलायला जागा नाही.

मे महिन्यात जेसीबी आला. वरच्याच डोंगराची कड कापून मुरूम काढला, डंपरने आणून ओतला, वरून रोलर फिरवला. दोन दिवसांत बांधही गेला आणि खाचरही गेलं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी मावशी आली. तेव्हा ती काठी घेऊन चालायची. आदल्या वर्षी घसरून पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. कडेवरून वर येणारी पाऊलवाट ती कशी चढली कोण जाणे. धुळीत उभी राहून रोलर बघत राहिली, मग माझ्याकडे आली.

“बाई, ह्ये खाचार बुजवू नगा. आमचं पानी हितनंच खाली जातंय.”

मी हसले. वाईट हसले नाही, वर्गात एखादी पोर चुकीचं उत्तर देते तेव्हा हसतात तसं हसले. तिला म्हटलं, अगं मावशी, पाणी डोंगरातून येतं, डोंगर केवढा आणि हे खाचर केवढंसं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. मी काटकी घेतली आणि नव्या मुरमावर तिला समुद्र, ढग, डोंगर आणि बाण काढून दाखवले. जी बाई साठ वर्षं त्या झऱ्याचं पाणी प्यायली, तिला मी पाणी कुठून येतं ते शिकवलं. तिने सगळं निमूट बघितलं. माझ्या चित्रात ढग होता, डोंगर होता, पाणी मुरायची जागा मात्र काढायची मी विसरले होते. ती काठी टेकत खाली गेली. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मावशीचं घर झऱ्यापासून वीस पावलांवर. नवरा कधीच गेलेला. एकुलती लेक बेगडेवाडीला, स्टेशनजवळ खोली करून राहिलेली, जावई कारखान्यात. लेक दर सणाला येऊन मागे लागायची की आई, चल माझ्याकडे. मावशीचं म्हणणं साधं होतं. पाणी दाराशी आहे, मी माझा हंडा माझ्या हाताने भरते, मग मी परक्या खोलीत का येऊ. मोडक्या कमरेच्या बाईचं सगळं बिऱ्हाड त्या वीस पावलांवर उभं होतं. झरा राहिला तर ती वाडीत राहणार, झरा गेला तर तिला जावं लागणार, आणि हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

पहिला पावसाळा विचित्र गेला. हल्ली पाऊस तसाच येतो. आमच्याकडे पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस बारीक पाऊस, कपड्यांना बुरशी, चुलीला ओली लाकडं, पण जमीन सावकाश पीत राहायची. आता पंधरा दिवस कोरडे ठणठणीत, भाताची रोपं पिवळी पडेपर्यंत, आणि मग दोन दिवसांत आभाळ फाटल्यासारखा. असा पाऊस एकदम ओतायला लागला तेव्हाच तर त्याला अडवून धरणारं काहीतरी हवं होतं. आमच्या मुरमावर तो पडला आणि सरळ कडेवरून खाली गेला. लाल पाणी वाडीतून वाहिलं, झऱ्यापुढच्या दगडी टाक्यात गाळ बसला. वाडीतल्या बायकांनी तो उपसला. आमच्याकडे त्या आठवड्यात तंबू भरलेले होते, लोक त्या लाल धबधब्याचे फोटो काढत होते.

झरा पौषात मंदावला. एरवी शिमग्यानंतरही बोटभर धार असायची, या वर्षी शिमग्याला थेंब थेंब. हंड्याला तासभर लागायला लागला. मग एका दुपारी सहा-सात बायका माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, त्यांच्यात मावशीही. तिला कोणीतरी मोटरसायकलवर बसवून सडकेने आणलं होतं. त्यातल्या चार जणी माझ्या विद्यार्थिनी. एक तर माझी लाडकी, अक्षर मोत्यासारखं, सातवीनंतर लग्न झालं. तिनेच विषय काढला, फार सांभाळून. म्हणाली, वाडीत लोक बोलतायत की वरचं खाचर बुजवल्यावर पाणी गेलं. आमाला तर काय कळत न्हाई, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा.

चोराच्या मनात चांदणं. खरं काय ते मला तेव्हा कळलेलं होतं. झरा आटायला लागल्यावर मी एकदा शाळेच्या जुन्या पुस्तकातला तो धडा काढून पुन्हा वाचला होता, आणि ‘पाणी जमिनीत मुरते’ या तीन शब्दांवर माझं बोट थांबलं होतं. आबांचं गरवं, दिवाळीपर्यंत उभं पाणी, बुजवलेली बिळं, सगळं त्या तीन शब्दांत होतं. म्हातारा माणूस जाड भात आवडीने लावत नव्हता. खालच्या वाडीला उन्हाळाभर पाणी पुरावं म्हणून एक खाचर पाण्याखाली ठेवत होता, आणि त्याच्या बापानेही तेच केलं असणार. मला हे सांगता आलं असतं. पण कडेला तंबू उभे होते, पुढच्या शनिवारची नोंदणी झालेली होती, आणि माझ्या समोर माझ्या विद्यार्थिनी माझ्याकडे मान वर करून बघत होत्या.

मी म्हणाले, “हवामान बदललंय गं. सगळ्या जगात बदललंय. आपल्या एका खाचराने काय होतंय?”

आणि मग सुटलेच. बर्फाचे डोंगर वितळतायत, समुद्र तापलाय, पाऊस लहरी झालाय, लोणावळ्यातसुद्धा पूर्वीसारखं धुकं राहिलं नाही. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. ती बातम्यांमधली सगळी खरी वाक्यं मी स्वतःपुढे भिंतीसारखी रचली. बायकांनी ऐकलं, माना डोलावल्या. माझ्या त्या लाडक्या विद्यार्थिनीने उठताना माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, आमी उगाच तुमच्यावर संशय घेतला, राग मानू नगा. मी राग मानला नाही. चहा केला सगळ्यांना.

मावशी काही बोलली नाही. चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून पालथी घातली, आणि गेली.

दुसरा पावसाळाही तसाच गेला. मुरूम तिथेच, तंबू तिथेच. मी मनाशी म्हणायचे, या वर्षी पाऊस नीट झाला तर झरा येईल आपोआप, म्हणजे माझं पाप पावसाने धुवावं अशी माझी इच्छा. पाऊस तर भरपूर झाला. मोजून काय करायचंय, आमच्या खालचा रस्ता दोनदा वाहून गेला. झरा मात्र आदल्या वर्षी पौषात मंदावला होता, तो या वर्षी मार्गशीर्षातच आटला. गाळाने टाक्याचं तोंडच बसलं होतं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर सुरू झाला. तो मोठा टँकर वाडीत उतरत नाही, त्याला वळायला सपाट जागा लागते, आणि तशी जागा डोंगरावर एकच होती. टँकर आमच्या पार्किंगमध्ये उभा राहायला लागला. वाडीतल्या बायका कडेची वाट चढून वर यायच्या आणि जिथून त्यांचं पाणी पूर्वी आपणहून खाली जायचं, तिथून ते डोक्यावर घेऊन उतरायच्या. मी खिडकीतून बघायचे. मग पडदा लावायला लागले.

मावशीला चढता येत नव्हतं. शेजारणी आळीपाळीने तिला हंडा देत, पण किती दिवस. मीही एक दिवसाआड कॅन भरून नवऱ्याला घेऊन जायचे. तिने दर वेळी मला बसायला गोणपाट दिलं, आणि दर वेळी म्हणाली की बाई, तुमी लय करता माज्यासाठी. ते ऐकणं मला झेपेना. वैशाखात एका सकाळी गेले तर दाराशी दोन बोचकी बांधलेली. लेक न्यायला येणार होती. मी नवऱ्याला गाडीपाशीच थांबवलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.

“मावशी, मी खोटं बोलले. पाणी आमच्यामुळेच गेलं.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली.

मग त्या दिवशी ओट्यावर बोलली का नाहीस, असं मी विचारलं. खरं तर ओरडूनच विचारलं, जणू चूक तिची होती. ती बोचक्याची गाठ आवळत होती. म्हणाली, “समद्या पोरी तुमच्या हाताखाली शिकल्यात. त्यांच्याम्होरं तुमाला खोटं कसं पाडू?”

मला रडू फुटलं. तिला नाही. माझ्या रडण्याची तिलाच पंचाईत झाली, कारण मला द्यायला घरात पाणी नव्हतं, होतं ते मीच आणलेलं. तिने त्यातलंच तांब्याभर पुढे केलं. लेक आली, रिक्षावाला वाडीचा उतार उतरायला तयार नव्हता, तो वरच थांबला होता, दोघाचौघांनी मावशीला उचलून वर चढवलं. आमच्या पार्किंगमधूनच ती रिक्षात बसली. मी हात केला. तिने मागे बघितलं ते माझ्याकडे नाही, खाली वाडीकडे.

चार दिवसांनी मी नवऱ्याला सांगितलं की मुरूम उचलायचा. त्याने एका शब्दानेही विरोध केला नाही, एवढंच म्हणाला की हे तू दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतंस. भांडायला मला कारण हवंच होतं, पण या वाक्यावर कसं भांडणार. आता जेसीबीवाल्याला सांगितलंय. तो म्हणतो मुरूम निघेल, पण रोलरने खालची माती दगड झालीय, ती पुन्हा पाणी प्यायला किती पावसाळे घेईल सांगता येत नाही. बांध नव्याने घालावा लागेल. गरव्याचं बी गावात कोणाकडे उरलेलं नाही, डोंगरापलीकडच्या गावात विचारायला माणूस पाठवलाय. झरा परत येईल की नाही, मला माहीत नाही. हे सगळं करून माझं काही फिटतं असंही नाही.

पण त्याआधी एक काम राहिलं होतं. परवा टँकरच्या वेळेला मी पार्किंगमध्ये गेले. बायका रांगेत होत्या, त्याच सगळ्या, ओट्यावर आलेल्या. आयुष्यभर वर्गासमोर उभी राहिले, पण तोंडाला अशी कोरड कधी पडली नव्हती. मी म्हटलं, तुम्हाला हवामानाचं सांगितलं ते खरं होतं, पण तुमचा झरा आम्ही आटवला, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी लपवलं. नळीतून पाणी पडत राहिलं. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एकीने नुसता हंडा सरकवला आणि दुसरा लावला.

माझी ती लाडकी विद्यार्थिनी शेवटी बोलली, आवाज न चढवता.

“बाई, तवाच सांगितलं असतं तर आमी तुमच्याशी भांडलो असतो. भांडून भांडून पावसाच्या आदी खाचार मोकळं करून घेतलं असतं. मावशी ऱ्हायली असती.”

तिने हंडा डोक्यावर घेतला. तिला खाली उतरायचं होतं आणि पाऊलवाटेच्या तोंडाशी मीच उभी होते. मी बाजूला झाले.